बॉस्टनचं दुखणं ट्रेडमध्ये नाही

२०२५ च्या गणपतीत, बॉस्टनच्या पश्चिमेला आम्ही काही मराठी कुटुंबं मिळून बसवतो त्या गणपतीपुढे, आरती संपून प्रसादाचं ताट फिरायच्या आतच वाद पेटला. विषय होता बेसबॉलपटू राफेल डेव्हर्स. १५ जूनला आमच्या बॉस्टनच्या संघाने, रेड सॉक्सने, न्यूयॉर्क यँकीजला तिसऱ्यांदा हरवून मालिका खिशात घातली, त्या सामन्यात डेव्हर्सने होमरन मारला, आणि काही तासांत बातमी आली की संघाने त्याला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सला देऊन टाकलं. पुढचा दौरा सिॲटलचा होता. संघ तिकडे गेला, हा दुसरीकडे. आमच्यातला कॉलेजात जाणारा एक मुलगा फोन नाचवत म्हणत होता, "काका, तक्ता बघा ना. तो गेल्यापासून आपण जास्त जिंकतोय. ट्रेड आपण जिंकलो." ज्यांना उद्देशून हे चाललं होतं ते काका पंचवीस वर्षं इथे आहेत आणि याआधी असाच गेलेल्या मूकी बेट्सचं नाव निघालं की अजून त्यांचा चेहरा पडतो. त्यांचं म्हणणं एकच: "हे लोक माणसं विकतात. आधी त्याला विकलं, आता याला. निष्ठा नावाची चीज राहिली नाही."

शहरभर हा वाद असाच चालतो, एका बाजूला आकडे आणि दुसऱ्या बाजूला निष्ठा. मला दोन्ही बाजू चुकीच्या टोकाला धरून ओढताना दिसतात. ट्रेड कोण जिंकलं हे मोजणं म्हणजे कर्जाच्या शेवटच्या हप्त्याची पावती बघून कर्ज शहाणपणाने काढलं होतं की नाही हे ठरवण्यासारखं आहे. रेड सॉक्सने गेल्या दहा-बारा वर्षांत जे मोठे ट्रेड केले, ते बहुतेक आधीच्या एखाद्या चुकीचे हप्ते होते. ती चूक जनरल मॅनेजरच्या, म्हणजे संघ बांधणाऱ्या अधिकाऱ्याच्या, टेबलावर क्वचितच झाली. ती मालकाच्या खोलीत झाली, आणि आपण तिथे प्रश्न विचारायला जातच नाही.

बेसबॉल न बघणाऱ्यांसाठी थोडं थांबतो. ट्रेड म्हणजे आपल्या ओळखीचं उदाहरण द्यायचं तर नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईकडे आला तो प्रकार. पाच विजेतेपदं मिळवून देणाऱ्या रोहितच्या जागी त्याला कर्णधार केलं आणि पुढच्या हंगामात वानखेडेवर मुंबईकरांनी स्वतःच्याच कर्णधाराची हुर्यो उडवली. पण एक फरक फार मोठा आहे. आयपीएलमध्ये खेळाडूचा होकार लागतो. अमेरिकेत करारात तशी अट घालून घेतली नसेल, किंवा दहा वर्षं लीगमध्ये आणि त्यातली सलग पाच त्याच संघात काढली नसतील, तर खेळाडूला विचारतच नाहीत. फोन येतो आणि बॅग भरायची. हे सगळं जिथून चालतं त्याला इथे फ्रंट ऑफिस म्हणतात. आपल्याकडे या शब्दाने हॉटेलातला चेक-इनचा काउंटर डोळ्यांसमोर येतो. इथे त्याचा अर्थ संघ बांधणारी आणि मोडणारी खोली. एक मुद्दा मात्र लक्षात ठेवायचा: ती खोली भाड्याची असते. घर मालकाचं.

आता त्या कॉलेजातल्या मुलाच्या बाजूने बोलतो, कारण त्याचं म्हणणं कच्चं नव्हतं. डेव्हर्स गेला तेव्हा बॉस्टनचे ३७ विजय आणि ३६ पराभव होते. हंगाम संपला तेव्हा ८९ आणि ७३. २०२१ नंतर पहिल्यांदाच संघ प्लेऑफमध्ये पोहोचला (तिथे यँकीजनीच घरी पाठवलं, ती गोष्ट वेगळी). उलट जायंट्स ८१-८१ वर अडकले. शिवाय २५ कोटी डॉलरहून अधिक पगाराचं ओझं जायंट्सनी जसंच्या तसं उचललं. डेव्हर्स काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. मे महिन्यात पहिल्या बेसवर क्षेत्ररक्षण करणारा ट्रिस्टन कसास गुडघ्याच्या दुखापतीने पूर्ण हंगामासाठी गेला. संघाने डेव्हर्सला तिथे उभं राहशील का म्हणून विचारलं आणि त्याने जाहीरपणे नाही म्हटलं. मालक जॉन हेन्री स्वतः विमानाने कॅन्सस सिटीला जाऊन त्याला भेटले, तरी सूर जुळला नाही. मग अशा खेळाडूला ठेवून काय करायचं?

बेट्सच्या बाबतीतही संघाची बाजू ऐकायला हवी. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याला लॉस एंजेलिस डॉजर्सकडे दिलं तेव्हा करारातलं त्याचं एकच वर्ष उरलं होतं. दहा वर्षांचा, ३० कोटींच्या आसपासचा देकार त्याने नाकारल्याचं तेव्हा छापून आलं होतं. वर्ष संपल्यावर तो फुकट निघून गेला असता, त्यापेक्षा बदल्यात काहीतरी पदरात पाडून घेतलेलं काय वाईट? आणि मन घट्ट करून नायक सोडल्याची गोड फळंही याच शहराने चाखली आहेत. ३१ जुलै २००४ ला तेव्हाचा जनरल मॅनेजर थिओ एप्स्टीनने नोमार गार्सियापारालाच सोडलं. तेव्हा अर्ध्या बॉस्टनमधल्या पोरांच्या पाठीवर त्याचं नाव होतं, लोक रडले. तीन महिन्यांत ८६ वर्षांनी विजेतेपद आलं. २०१२ च्या ऑगस्टमध्ये एड्रियन गोंझालेझ, कार्ल क्रॉफर्ड आणि जॉश बेकेट यांना एकाच झटक्यात डॉजर्सच्या गळ्यात घातलं, २५ कोटींहून जास्त पगार वाचवला, आणि पुढच्याच वर्षी पुन्हा जिंकले.

इतकं मान्य करूनही माझं मत जागचं हलत नाही. कारण यातला प्रत्येक मुद्दा "आता या परिस्थितीत काय करायचं" या प्रश्नाचं उत्तर आहे. ती परिस्थिती आणली कोणी, हे कोणी विचारत नाही.

मागे जाऊ. २०१४ चा वसंत. जॉन लेस्टर हा बॉस्टननेच घडवलेला पिचर (म्हणजे चेंडू टाकणारा), कॅन्सरमधून उठून परत आलेला, २००७ च्या विजेतेपदाचा निर्णायक सामना आणि २०१३ च्या अंतिम मालिकेतले दोन सामने जिंकलेला. आपल्याला इथेच राहायचंय, दोन पैसे कमी घेईन, असं तो उघड म्हणाला होता. संघाने त्याच्यापुढे चार वर्षांचे ७ कोटी ठेवले. बाजारातला भाव माहीत असलेल्या कोणालाही तो अपमान वाटावा असा आकडा होता. जुलैत त्याला ओकलंडला पाठवलं, डिसेंबरात शिकागो कब्जने त्याला सहा वर्षांचे १५.५ कोटी दिले. मग बॉस्टनने काय वाचवलं? पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१५ मध्ये, पिचर नाही म्हणून डेव्हिड प्राइसला सात वर्षांचे २१.७ कोटी मोजले. घरचं गाईचं दूध महाग म्हणून नाकारायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याहून महागाची पिशवी आणायची.

आता २०२० चा बेट्सचा ट्रेड नीट वाचा. त्या ट्रेडमध्ये बेट्ससोबत डॉजर्सकडे आणखी कोण गेलं? डेव्हिड प्राइस. वर त्याच्या उरलेल्या पगारातला निम्मा भार, ४.८ कोटी, बॉस्टनने स्वतः भरला. म्हणजे २०१८ चा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू, ज्याने त्याच वर्षी विजेतेपद मिळवून दिलं, तो दुसऱ्याच्या कराराचं ओझं खपवण्यासाठी वरून भर म्हणून दिला गेला. बदल्यात आलेले ॲलेक्स व्हर्डुगो, जीटर डाउन्स आणि कॉनर वाँग किती चालले याचा हिशेब लोक अजून मांडतात. डाउन्स बॉस्टनकडून जेमतेम १४ सामने खेळला, हे खरं. पण समजा तिघेही हिरे निघाले असते, तर २०१४ चा निर्णय शहाणपणाचा ठरला असता का?

"बेट्स राहणारच नव्हता" हे वाक्य इथे फार ऐकू येतं. राहणार नसलेला हा माणूस डॉजर्सशी पाच महिन्यांत बारा वर्षांच्या ३६.५ कोटींवर सही करून मोकळा झाला. महामारीने बाजाराची हवा काढली होती म्हणून तो नमला, असा त्यावर प्रतिवाद आहे आणि तो थोडा खराही आहे. पण महामारी बॉस्टनमध्ये नव्हती आली का? फरक इतकाच होता की डॉजर्सनी त्याला आणलं तेच ठेवायचं म्हणून. त्यानंतर डॉजर्सनी २०२०, २०२४ आणि २०२५ अशी तीन विजेतेपदं जिंकली. तिन्हींमध्ये बेट्स आहे.

साखळी इथे तुटत नाही. बेट्सनंतर तरी शहाणपण येईल असं वाटलं होतं. २०२२ च्या वसंतात झँडर बोगार्ट्सपुढे, म्हणजे पुन्हा घरच्याच, पुन्हा राहायला तयार असलेल्या खेळाडूपुढे, असलेल्या करारात एक वर्ष आणि ३ कोटी वाढवण्याचा प्रस्ताव ठेवल्याच्या बातम्या आल्या. डिसेंबरात सॅन दिएगोने त्याला अकरा वर्षांचे २८ कोटी दिले. २ जानेवारी २०२३ ला रेड सॉक्सच्या घरच्या मैदानावर, फेनवे पार्कवर, हॉकीचा सामना होता. तिथे जॉन हेन्री दिसताच प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. हॉकीच्या सामन्यात, बेसबॉलच्या मालकाची! त्यानंतर दोनच दिवसांत बातमी आली की डेव्हर्सला ३१ कोटी ३५ लाखांचा करार मिळतोय. हा करार खेळाचा विचार करून झाला की कानात घुमणाऱ्या आरोळ्यांमुळे, हे मालकांच्या मनात शिरून सांगता येणार नाही. तारखा मात्र बोलक्या आहेत. पाठोपाठ २०२५ च्या फेब्रुवारीत डेव्हर्ससारखाच तिसऱ्या बेसवर उभा राहणारा ॲलेक्स ब्रेगमन १२ कोटींना आणला, आणि डेव्हर्सला त्याच्याच जागेवरून उठवून नुसतं फलंदाजीला बसवलं. ब्रेगमन चांगलाच होता, तक्रार त्याच्याबद्दल नाही. पण ज्याच्याशी दहा वर्षांचं लग्न लावलं त्याला दुसऱ्या वर्षी बाहेरच्या खोलीत झोपायला सांगायचं, दोन महिन्यांनी "आता स्वयंपाकघरात जा" म्हणायचं, आणि तो भडकला की "बघा, याचा स्वभावच असा" म्हणायचं. डेव्हर्सचं वागणं मला पटलं नाही. पुढे जायंट्सकडे तो पहिल्या बेसवर निमूट उभा राहिला, तेव्हा तर नाहीच पटलं. तरीही निमित्त कोणी पुरवलं?

लेस्टर, प्राइस, बेट्स, बोगार्ट्स, डेव्हर्स. एका चुकीचं व्याज फेडायला पुढचं कर्ज.

इथे पैशाचा मुद्दा येतो, आणि तो टाळून चालणार नाही. बेसबॉलमध्ये संघाच्या एकूण पगारावर बंदी नाही, ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की कर आहे. २०२० साली मर्यादा २०.८ कोटींची होती. लागोपाठ तिसऱ्या वर्षी ती ओलांडली तर वरच्या रकमेवर ५० टक्के कर, आणि एक वर्ष खाली आलं की पाटी कोरी. बॉस्टनने २०१८ आणि २०१९ मध्ये मर्यादा ओलांडली होती, म्हणून खाली यायचं होतं. बरं. पण ही मालकाची निवड होती. कायद्याने हात बांधलेले नव्हते. ज्या गटाकडे फेनवे आहे, लिव्हरपूल फुटबॉल क्लब आहे, त्याला हा कर परवडत नव्हता असं कोणी म्हणू नये. आणि काटकसरच तत्त्व असेल तर ते तरी धड पाळा. २०२२ मध्ये संघाने मर्यादा ओलांडली, तीही थोडक्यासाठी, आणि आपल्या विभागात शेवटचा आला. मर्यादा ओलांडल्याची शिक्षा म्हणून बोगार्ट्स गेल्यावर भरपाईत मिळणारी नवोदितांच्या निवडीतली जागाही पार चौथ्या फेरीच्या मागे ढकलली गेली. कर भरला, तळ गाठला, वर भरपाईही हुकली. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

म्हणूनच "आकडे विरुद्ध हृदय" ही मांडणी मला फसवी वाटते. २००४ चा संघ बांधणारा एप्स्टीन नेमला गेला तेव्हा २८ वर्षांचा होता, आणि आकडेशास्त्राचा आद्य पुजारी बिल जेम्स सल्लागार म्हणून त्याच्या बाजूला होता. आकड्यांनी ८६ वर्षांच्या दुष्काळाचा शाप मोडला. नोमारचा ट्रेड थंड डोक्याने झाला, पण त्यामागे स्पष्ट हेतू होता: बचाव गळका आहे, तो बुजवायचा आणि याच वर्षी जिंकायचं. बेट्सच्या ट्रेडमागे असं एक तरी वाक्य सांगता येतं का? पाटी कोरी करायची, इतकंच. २०१२ चा सौदाही यशस्वी ठरला, पण मला वाटतं त्यानेच मालकांना चुकीचा धडा शिकवला. आपण कितीही महागडी चूक करावी, पश्चिम किनाऱ्यावरचा कोणीतरी येऊन बिल भरतो, हा तो धडा. भरतात खरे, पण बदल्यात दरवेळी जास्त चांगला माणूस मागतात.

बॉस्टनला ही सवय शंभर वर्षांची आहे. बेब रूथची विक्री सर्वांना माहीत असते. मालक हॅरी फ्रेझी नाटकं काढायचा, त्यासाठी त्याने रूथला १ लाख डॉलरला यँकीजला विकलं, म्हणून ८६ वर्षांचा शाप लागला, अशी कथा. जानेवारी १९२० ला सौदा जाहीर झाला हे खरं. पण कथेच्या बाहेर काय राहतं बघा. संघ विकत घेतल्याचे पैसे फ्रेझी आधीच्या मालकाला अजून देणं लागत होता. रूथच्या सौद्यासोबत यँकीजच्या मालकाकडून त्याने ३ लाखांचं कर्ज घेतलं आणि तारण ठेवलं चक्क फेनवे पार्क. आणि एकटा रूथ गेला असता तर संघ सावरला असता कदाचित. पाठोपाठ वेट हॉइट गेला, हर्ब पेनॉक गेला, संघाचा व्यवस्थापक एड बॅरोसुद्धा न्यूयॉर्कला जाऊन बसला. एका सौद्याने नव्हे, सौद्यांच्या रांगेने घर रिकामं केलं. आणि ही रांग कर्जाच्या देण्यामुळे लागली होती.

तरीही रूथ १९३५ मध्ये निवृत्त झाला. मग पुढची सत्तर वर्षं कोणाचा शाप? १९३३ ते १९७६ इतका काळ टॉम यॉकी मालक होता. एप्रिल १९४५ मध्ये जॅकी रॉबिन्सन फेनवेवर चाचणी देऊन गेला; बॉस्टनने त्याला घेतलं नाही. कृष्णवर्णीय खेळाडूला अंगावर जर्सी देणारा हा लीगमधला सगळ्यात शेवटचा संघ, १९५९ साली, पम्प्सी ग्रीन. देशातली सर्वोत्तम माणसं वर्णापायी नाकारायची, आणि हरलो की भूत रूथचं! शापाची गोष्ट गोड असते कारण तिच्यात एक चुकीचा सौदा असतो आणि एक मेलेला खलनायक. जिवंत मालकाला ती सुखाने झोपू देते. "बेट्सचा ट्रेड" ही तशीच सोयीची गोष्ट व्हायला लागली आहे, म्हणून मी इतका तणतणतोय.

आजचा सोयीचा खलनायक म्हणजे जनरल मॅनेजर. डेव्ह डोम्ब्रॉव्स्कीने २०१८ चं विजेतेपद आणलं, अकरा महिन्यांत त्याला काढलं. चेम ब्लूमला टँपा बेहून आणलं आणि बेट्सच्या सौद्याची सुरी त्याच्या हातात दिली. २०२३ च्या सप्टेंबरात त्यालाही काढलं. ब्लूमच्याही चुका होत्या, बोगार्ट्सचा प्रस्ताव त्याच्याच काळातला. पण पगाराची मर्यादा काय ठेवायची हे त्याने ठरवलं नव्हतं. सध्याचा क्रेग ब्रेस्लो हुशार आहे, येलचा पदवीधर, स्वतः पिचर राहिलेला. डेव्हर्सशी तो नीट बोलला नाही ही टीका मला पटते. उद्या तोही जाईल. प्रत्येक नव्या माणसासोबत नवी पत्रकार परिषद, नवा नारळ. मालकांपैकी टॉम वर्नर २०२३ मध्ये "फुल थ्रॉटल" म्हणाले होते, आणि पुढचा अख्खा हिवाळा गाडी पहिल्या गिअरमध्ये होती. जॉन हेन्रींनी २००२ पासून या शहराला चार विजेतेपदं दिली, हे ऋण कोणी विसरू नये. ऋण आहे म्हणून हिशेब मागायचा नाही, हे मात्र मला कळत नाही.

हे सगळं त्या रात्री बोलायला गेलो तर काका म्हणाले, "मग उपाय काय? सगळ्यांना हवे तेवढे पैसे द्यायचे?" रास्त प्रश्न. नाही द्यायचे. लवकर द्यायचे. बाजारात जायला एक वर्ष उरलेल्या खेळाडूशी घासाघीस करण्यापेक्षा पाच-सहा वर्षं उरलेल्याशी बोलायचं, जेव्हा त्यालाही भीती असते आणि तुम्हालाही. आणि गंमत म्हणजे संघ आता तेच करू लागलाय. २०२५ मध्ये क्रिस्टियन कॅम्पबेलला आठ वर्षांचे ६ कोटी दिले, तर रोमन अँथनीला पदार्पणाला दोन महिने होतात न होतात तोच आठ वर्षांचे १३ कोटी. यातला एखादा जुगार फसेल. कॅम्पबेलला जूनमध्येच खालच्या लीगमध्ये पाठवावं लागलं. फसला तर मला चालेल. लहान चुका लवकर झालेल्या बऱ्या.

माझी मुलगी पाच वर्षांची असताना, २०१८ मध्ये, तिच्यासाठी बेट्सचा ५० नंबरचा शर्ट घेतला होता. आपल्या पद्धतीप्रमाणे वाढत्या अंगाचा. तो तिला नीट बसायला लागला तोवर बेट्स लॉस एंजेलिसला पोहोचला होता. मग डेव्हर्सचा ११ नंबरचा घेतला, तोही वाढत्या अंगाचा. तो आता कपाटात घडी घालून आहे, अजून ढगळच. गेल्या सप्टेंबरात फेनवेच्या दारासमोरच्या दुकानात तिने अँथनीचा शर्ट उचलला. करार २०३३ पर्यंतचा आहे, म्हणाली. मी तिच्या हातातून तो घेतला, बरोब्बर तिच्या मापाचा शोधला आणि पैसे दिले.